वॉटर स्कीइंगची सुरुवात : पुस्तकावरून की प्रशिक्षकाकडून?

राल्फ सॅम्युएलसन यांनी 1922 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या पेपिन सरोवरावर बोटीला बांधलेला दोर धरून पाण्यावरून स्की (पायांत घालायच्या लांब फळ्या) चालवून दाखवली, तेव्हा त्यांच्यापाशी पुस्तकही नव्हते आणि शिकवणाराही. स्कीची टोके पाण्याच्या वर ठेवून मागे रेलायचे, हे त्यांना वारंवार पडल्यानंतर उमगले. आज हीच गोष्ट पुस्तकात मिनिटभरात वाचून होते. प्रश्न आहे तो वाचलेले अंगात कधी मुरते, हा.

पाण्यातून उठण्याची क्रिया पाहा. गुडघे छातीशी, हात सरळ, दोर दोन्ही स्कींच्या मधून, टोके पाण्याबाहेर, आणि बोटीने ओढल्यावरच सावकाश उभे राहायचे, एवढे पुस्तक अचूक सांगते. पण दोर ताणला जाताच जवळजवळ प्रत्येक नवशिका दोराची मूठ छातीकडे ओढतो किंवा घाईने उभा राहतो, आणि तोल जाऊन पडतो. पाठ केलेली सूचना त्या दोन सेकंदांत आठवत नाही. प्रशिक्षकाला बोटीतून वाकलेले कोपर दिसते आणि पुढच्या खेपेस तो नेमके तेच सुधारतो. माझ्या मते, प्रशिक्षकाची फी वसूल होते ती इथेच.

मात्र खुणांच्या बाबतीत पुस्तक सरस ठरते. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, डोक्यावर थाप म्हणजे धक्क्याकडे परत चला, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबा. इंजिनाच्या आवाजात हे शिकवता येत नाही, म्हणून ते घरीच पक्के करावे. तोल जातोय असे वाटताच मूठ सोडून द्यायची, हा नियमही तसाच. जमिनीवर उकिडवे बसून, सोबत्याने दोर ओढल्यावर हात न वाकवता उठण्याचा सराव पुस्तकावरून उत्तम होतो. व्हिडिओमधून हालचालीची लय कळते, पण त्यालाही तुमची चूक दिसत नाही.

अनुभवी चालक आणि स्कीअरवर सतत नजर ठेवणारा दुसरा माणूस बोटीत नसेल, तर केवळ पुस्तकाच्या भरवशावर पाण्यात उतरू नये. प्रौढ नवशिक्यासाठी दोन स्कींवर ताशी 30 ते 40 किलोमीटर वेग साधारणतः पुरतो, परंतु तो वजनानुसार बदलावा लागतो आणि तो अंदाज चालकालाच येतो. प्रशिक्षक दोनच दिवस मिळणार असेल, तर पुस्तक आधी वाचून जावे, म्हणजे त्याचा वेळ खुणा समजावण्यात जाणार नाही. बोटीमागच्या लाटा ओलांडण्याचे प्रकरण मात्र सरळ रेषेत स्थिर राहता येऊ लागल्यावरच उघडावे. गुडघे नेमके किती वाकवायचे, हे तोवर वाचूनही कळत नाही.