सेट घ्यावा, सुटे ठोकळे घ्यावेत, की लेगोसारखं दुसरं काही?

मावसभावाचा फोन आला तेव्हा तो दुकानातच उभा होता. मुलाला पाचवं वर्ष लागणार, वाढदिवसाला लेगो द्यायचं ठरलेलं. "ताई, एक रेसिंग कारचा सेट आहे आणि एक नुसत्या ठोकळ्यांचा डबा. शेजारीच अगदी तसाच दिसणारा तिसरा आहे, निम्म्याहून कमी किमतीत. कोणता उचलू?"

मी उलट विचारलं, "खेळणार कोण? तो एकटाच, की तूही बसणार आहेस?"

"बसायचं म्हणून तर घेतोय."

मग उत्तर बदलतं. पोराला गुंतवून ठेवायला खेळणं आणणं वेगळं आणि आपण त्याच्यासोबत सतरंजीवर मांडी घालून बसायचं म्हणून आणणं वेगळं. आमच्याकडे थोरली नऊ वर्षांची आहे, धाकटा साडेचारचा. यातलं जवळजवळ सगळं आम्ही कधी ना कधी पैसे मोजून आणलंय. त्यामुळे इथे मी एकाच गोष्टीवरून तुलना करणार आहे: कोणत्या डब्यात आईबापांच्या वाट्याला काय काम येतं.

सेट की सुटे

सेटमध्ये आकडे घातलेल्या पिशव्या असतात आणि एक पुस्तिका. पुस्तिकेत वाचायला जवळजवळ काही नसतं, चित्रंच असतात, त्यामुळे अक्षरओळख नसलेलं मूलही ती बघत पुढे जाऊ शकतं. शेवटी खोक्यावर दिसते तीच गाडी हातात येते. हे समाधान मोठं आहे, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

पण अशा वेळी तुम्ही काय करता? मूल सात-आठ वर्षांचं असेल तर तुम्ही हमाल होता. "तो करडा, दोन बटणांचा, भोकवाला दे." (बटण म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा.) तो शोधून द्यायचा आणि पुढच्या हुकमाची वाट बघायची. मूल लहान असेल तर उलटं होतं: बांधता तुम्ही आणि बघतं ते. आमच्याकडे अग्निशमन गाडी आली त्या रात्री साडेअकराला ती पूर्ण झाली. धाकटा नऊलाच झोपला होता. ती गाडी आजही फडताळावर आहे, घरात तिला 'बाबांची गाडी' म्हणतात आणि तिला हात लावायला मनाई आहे. मनाई कुणी केली हे सांगायला नकोच.

तरी सेट अगदीच टाकाऊ नाही. सेट हात शिकवतो. थोरली आधी भिंत बांधायची म्हणजे ठोकळ्यावर बरोब्बर ठोकळा रचायची आणि भिंत उभी चिरत जायची. एक घराचा सेट बांधून झाला आणि ती आपोआप सांधा मोडून रचायला लागली, गवंडी विटा लावतो तशी. मी दहा वेळा सांगून जे जमलं नव्हतं, ते पुस्तिकेतल्या पानांनी करून घेतलं.

सुट्या ठोकळ्यांची गंमत वेगळी, अडचणही वेगळी. पहिल्या दिवशी डबा ओतला की मूल ढिगाकडे बघतं आणि विचारतं, "काय बनवू?" इथे मोठ्या माणसाचं खरं काम सुरू होतं, आणि बरेच जण इथेच कच खाऊन फोन हातात घेतात. मी 'काहीही बनव' म्हणणं सोडून दिलंय. त्याऐवजी अट घालते: गणपतीच्या पाटासारखं काहीतरी कर, पण फक्त पिवळ्या ठोकळ्यांचं. किंवा, ही चमची उभी राहील असं काहीतरी.

एका पावसाळी रविवारी आम्ही फक्त दोन ठोकळे घेतले, दोन्ही लाल, दोन्ही आठ बटणांचे. आमच्या घरात त्याला 'आठीचा' म्हणतात. प्रश्न असा की एकावर एक किती तऱ्हांनी बसतील? थोरलीने चौकटीची वही काढली. दोन्ही सरळ धरून सरकवत गेलो तर २१ तऱ्हा झाल्या, वरचा आडवा केला तर २५. एकूण ४६ म्हणून ती उठणार, तेवढ्यात धाकट्याने जोडी उचलून उलट्या बाजूने ठेवली आणि म्हणाला, "ही तर मघाची." खरंच होतं. जोडी अर्धा फेरा फिरवली की बहुतेक तऱ्हा पुन्हा भेटतात. त्या गाळल्यावर सरळ ११ आणि आडव्या १३ उरल्या, मिळून २४. हाच हिशेब सहा आठीच्या ठोकळ्यांचा केला तर उत्तर ९१,५१,०३,७६५ येतं. एका गणितज्ञाने ते संगणकाकडून मोजून घेतलंय. आम्ही दोनावरच थांबलो, पण त्या दुपारी मी हमाल नव्हते.

दोन्हींच्या मधली वाट हवी असेल तर लेगोचे 'थ्री-इन-वन' सेट बघा. त्याच ठोकळ्यांतून तीन वस्तू होतात, पण बहुधा एका वेळी एकच. दुसरी हवी तर पहिली मोडावी लागते. मुलांना मोडायची सवय लागणं ही या छंदातली अर्धी लढाई आहे आणि सेट घ्यायचाच तर मी हाच घेईन.

मूळ लेगो की 'तसलाच'

इथे लोक उगाच भावनिक होतात, दोन्ही बाजूंनी. म्हणून थोडा इतिहास. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. १९४९ साली कंपनीने प्लॅस्टिकचे ठोकळे काढले, ते इंग्लंडच्या किडिक्राफ्ट या कंपनीच्या ठोकळ्यांवरून. आज आपण ओळखतो तो ठोकळा, वर बटणं आणि आत पोकळ नळ्या असलेला, २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी दाखल झाला. ती पेटंटं केव्हाच संपली. ठोकळ्याच्या आकारावर ट्रेडमार्क मिळावा हा लेगोचा दावाही युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला. म्हणजे लेगोला जुळणारे ठोकळे बनवणं म्हणजे चोरी नव्हे. लेगोचं नाव, चिन्ह किंवा सेटमधली छोटी प्लॅस्टिकची माणसं उचलली तर गोष्ट वेगळी.

तेव्हा नीतीचा प्रश्न बाजूला ठेवू. प्रश्न पकडीचा आहे. लेगोची दोन बटणं एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर असतात, ठोकळ्याची उंची ९.६ आणि चपटीची, म्हणजे पातळ ठोकळ्याची, ३.२, म्हणजे तीन चपट्या बरोबर एक ठोकळा. हे माप १९५८ पासून बदललेलं नाही. या मापात केसभर फरक पडला तरी ठोकळा एक तर बसत नाही, नाही तर सुटत नाही.

आम्ही स्वस्तातला एक मोठा डबा आणला होता. त्यातले काही ठोकळे असे घट्ट की दात लावावे लागले आणि काही इतके ढिले की पाचव्या मजल्यावर इमारत मान टाकायची. मोठ्या माणसाला लगेच कळतं की ठोकळाच वाईट आहे. चार वर्षांच्या मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. धाकटा त्या मनोऱ्यापुढे रडला तो मनोरा पडला म्हणून नाही. "मला येतच नाही," असं म्हणून रडला. त्या संध्याकाळी मी ते ठोकळे वेगळे काढायला बसले. लेगोच्या प्रत्येक बटणावर बारीक अक्षरांत नाव उठवलेलं असतं. थोरली दिव्याखाली एकेक ठोकळा धरून नाव वाचायची आणि नाव नसलेला श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. दोन तास गेले. म्हणून सांगते, दोन्ही घेतलेत तर पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

जुळणारे ठोकळे सगळेच वाईट नसतात. काही भारतीय आणि चिनी कंपन्यांचे चांगले बसतात. दुकानदार नमुना उघडून दाखवत असेल तर दहा ठोकळे उभे रचा, सगळ्यात वरचा धरून मनोरा उचला आणि हलकेच हलवा. खाली काही गळलं नाही आणि मग मुलाच्या बोटांनी सुटे करता आले, तर खुशाल घ्या. खोक्यावर आयएसआयची खूण बघायला विसरू नका. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. रस्त्यावर नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळणाऱ्यांवर ती सहसा दिसत नाही.

लेगो इथे इतकं महाग का, याचं एक कारण आयात शुल्क. खेळण्यांवरचं हे शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० झालं. म्हणून तर अमेरिकेहून येणाऱ्या मामाच्या बॅगेत चितळ्यांच्या बाकरवडीच्या परतफेडीला लेगोचे सेट असतात. मामाला सांगा, खोकं तिकडेच टाक, पिशव्या आणि पुस्तिका आण, जागा निम्म्याने वाचते. पुस्तिका राहिलीच तर लेगोच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवून घेता येते.

स्वस्त ठोकळ्यांना आमच्याकडे एक हक्काची जागा आहे: दिवाळीतला किल्ला. मातीत मूळ ठोकळे घालायला मन धजत नाही, आणि आत गेलेली माती जुन्या टूथब्रशशिवाय निघत नाही. बुरुजाचा गाभा, तटाचा भराव, पायथ्याची वाडी यांना ढिले ठोकळेही चालतात. मावळे मात्र मातीचेच हवेत. लेगोचा अंतराळवीर मुलांनी एकदा बालेकिल्ल्यावर उभा केला होता. आजोबांनी त्याला काही न बोलता खाली उतरवलं.

ड्युप्लो आणि बारके

तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर बारके ठोकळे त्याच्या हाताला लागता कामा नयेत. ते सरळ तोंडात जातात आणि घशात अडकू शकतात. दीड ते पाच वर्षांसाठी ड्युप्लो आहे, लेगोचाच मोठ्या ठोकळ्यांचा प्रकार. ते १९६९ मध्ये आलं आणि सगळ्या बाजूंनी नेहमीच्या ठोकळ्याच्या दुप्पट असतं. बऱ्याच जणांना माहीत नसतं की बारका ठोकळा ड्युप्लोवर बसतो. वयात अंतर असलेली दोन मुलं असतील तर याच्याइतकी सोय दुसरी नाही: आमच्याकडे पाया आणि तळमजला धाकट्याचा, वरचे मजले थोरलीचे. भांडण फक्त जिन्यावरून होतं.

पाच वर्षांच्या एकुलत्या मुलासाठी मात्र आता ड्युप्लो घेऊ नका. वर्षभरात अडगळीत जाईल.

ठोकळे नकोच असतील तर

मेकॅनिक्स आठवतं? भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, नट, बोल्ट, छोटा पाना. मूळ कल्पना लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीची, १९०१ चं पेटंट, तेच पुढे मेकॅनो झालं. सोबत करायचा छंद म्हणून मी याला ठोकळ्यांपेक्षाही वरचा नंबर देईन, कारण यात खरोखर चार हात लागतात: एकाने मागून नट धरायचा, दुसऱ्याने पुढून पेच फिरवायचा. पण आठ वर्षांच्या आत बोटांना ते झेपत नाही, आणि मोडायला बांधण्याइतकाच वेळ जातो. नट कपाटाखाली घरंगळतात ते वेगळंच.

चुंबकाच्या रंगीत फरशा दिसतात झकास आणि पाच मिनिटांत राजवाडा उभा राहतो. मोठ्या माणसाचा रस मात्र सहाव्या मिनिटाला संपतो. फरशी तडकलेली दिसली तर ताबडतोब फेका. आतले दोन चुंबक मुलाने गिळले तर ते आतड्याच्या दोन वळशांतून एकमेकांना ओढतात आणि भोक पडू शकतं. खोकला-तापासारखी वाट बघण्याची ही गोष्ट नाही.

घरात आल्यावर

मोठी जुनी चादर पसरून त्यावरच ठोकळे ओता. जेवायची वेळ झाली की चार टोकं धरून गाठोडं बांधायचं. आमच्या कामाच्या मावशींनी केरातून वेचलेले ठोकळे कितीतरी दिवस ओट्यावर ओळीने मांडून ठेवले, तेव्हा कुठे मला ही चादर सुचली. वर्गवारी रंगाने करू नका. काळ्या ढिगात काळी बारकी चकती सापडत नाही. आकाराने करा: चाकं एका डब्यात, चपट्या एका डब्यात, माणसं बर्फाच्या ट्रेमध्ये. धुवायचे तर कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आत, आणि वाळवायचे सावलीत. उन्हाने पांढरे ठोकळे पिवळे पडतात.

मावसभावाला मी सुट्या ठोकळ्यांचा मूळ लेगोचा मधला डबा सांगितला, चाकं असलेला. गाडीचा सेट आठव्या वर्षी. तिसरा, स्वस्तातला, किल्ल्यासाठी ऑक्टोबरात बघू. रात्री त्याचा फोटो आला. हिरवं-निळं, एका बाजूला कललेलं, वर खिडकी आडवी बसवलेली काहीतरी. मी विचारलं, "हे काय आहे?"

उत्तर आलं, "तो सांगत नाहीये. पुढची दोन चाकं मी लावलीत."