थ्री नॉट थ्री: नऊ महिने सांभाळल्यानंतर

आधीच सांगून टाकतो, मी नेमबाज नाही. पोलीस खात्यातला आर्मोरर होतो. रायफल नीट चालते तोवर ती शिपायाची असते, अडली की माझ्या टेबलावर येते. त्यामुळे गोळी कुठे लागते हे इथे फारसं सापडणार नाही. रायफल कशाने खराब होते ते मात्र सापडेल.

जून १९९६ मध्ये कोकणातल्या एका जिल्ह्याच्या मुख्यालयात बदली झाली आणि कोतचा, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीचा, चार्ज मिळाला. सव्वाशेच्या आसपास थ्री नॉट थ्री, म्हणजे शॉर्ट ली-एन्फिल्ड, नंबर १ मार्क ३ स्टार. मूळ रायफल इंग्लंडची, १९०७ च्या डिझाइनवरची, पण आमच्याकडच्या बहुतेक बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातल्या. बटाच्या, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडी दस्त्याच्या, तोंडाशी पोलादी सॉकेट असतं, त्यावर रायफलीची कुंडली वाचायला मिळते. स्वातंत्र्याआधीची असेल तर मुकुट आणि जी.आर.आय. ही अक्षरं, नंतरची असेल तर सिंहमुद्रा. चार-पाच थेट विलायतेतून आलेल्या होत्या. एकीवर लिहिलेलं होतं ‘एन्फिल्ड, १९१७’. माझे आजोबा तिच्याहून दोनच वर्षांनी मोठे, पण दवाखान्याच्या खेपा त्यांच्याच जास्त झाल्या असतील.

कोकणातला पावसाळा हा या रायफलीचा खरा शत्रू, हे पहिल्या पंधरा दिवसांतच कळलं. त्यातून जुलैमध्ये नव्या पोरांचं फायरिंग लागलं. काडतुसं खडकीची, बुडावर के.एफ. ठोकलेली. आत दारू म्हणजे कॉर्डाइट. जुनं काडतूस उघडलं की शेवयांच्या काड्यांची जुडी निघते तशी दिसते. पण नळी गंजते ती कॉर्डाइटमुळे नाही, टोपीमुळे, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीमुळे. टोपीतल्या मसाल्यात क्लोरेट असतं, ते जळल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरतो आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. पोरं संध्याकाळी तेलाची चिंदी फिरवून रायफल चकाचक करून जमा करायची. तिसऱ्या दिवशी नळीतून बघावं तर खोबणींत तांबूस लव. तेल कितीही ओता, त्यात मीठ विरघळत नाही. त्याला पाणीच लागतं, तेही उकळतं.

हे मला वस्तादांनी दाखवलं होतं. वस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते जुने आर्मोरर, फौजेतून आलेले. मग मेसमधून चहाचं मोठं पातेलं मागवलं. नरसाळ्याचं टोक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या जागेत, बसवायचं, रायफल तोंड खाली करून धरायची आणि उकळतं पाणी ओतायचं. नळी इतकी तापते की हाताला फडकं गुंडाळावं लागतं, आणि त्याच उष्णतेनं ती आतून आपोआप कोरडी होते. त्यावर सुकी चिंदी, मग तेलाची, आणि पुढचे तीन दिवस रोज एकदा पाहणी, कारण नळीला परत घाम येतो. मेसवाला वैतागला होता. “साहेब, चहाला बारुदाचा वास येतोय,” म्हणायचा. पातेलं कधी नळीजवळ गेलंच नव्हतं, पण त्याची समजूत पटवणं मला जमलं नाही.

आता फुलथ्रू, म्हणजे नळीतून चिंदी ओढायचं साधन. साधी दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसरीकडे चिंदी अडकवायला फास. चिंदी ४ इंच बाय २ इंच, त्याहून मोठी लावली की नळीत अडकते आणि मग माझ्याकडे धावाधाव. चेंबरकडून सोडायची, तोंडाकडून ओढायची, एका दमात आणि सरळ. पोरं ओढतात तिरकी. मातीनं भरलेली दोरी नळीच्या तोंडाला एकाच जागी घासत राहते आणि वर्षानुवर्षांत तिथे खाच पडते. आडावरच्या दगडाला दोरीनं खोबण पडते ना, तसंच. माझ्या सव्वाशेंपैकी अकरा रायफलींची तोंडं अशी गेलेली होती. नऊ महिन्यांत त्या गटाची गोळी एका जागी पडताना मी पाहिली नाही. शांतताकाळात नळी गोळीनं कमी आणि साफसफाईनं जास्त झिजते, असं माझं ठाम मत झालं ते तेव्हापासून.

बोल्टचं, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याचं, प्रकरण जास्त गंभीर. प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या रायफलीला जुळवून बसवलेला असतो, म्हणून बोल्टच्या दांड्यावर रायफलीचाच नंबर ठोकतात. ऑगस्टमध्ये एका हवालदारानं सफाईला बावीस रायफलींचे बोल्ट एकाच ताडपत्रीवर काढून ठेवले, आणि पावसाची सर आली तशी पोरांनी हाताला येईल तो बोल्ट घालून रायफली आत पळवल्या. बोल्ट सगळ्यांत बसले. हाच तर धोका. बसतो म्हणजे बरोबर आहे असं नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात (लाइट गेलेली, अर्थातच) एकेक नंबर वाचत परत लावले आणि सगळ्या गेजवर, म्हणजे ठरावीक जाडीच्या मापाच्या तुकड्यावर, तपासल्या. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, ०.०७४ च्या गेजवर होता कामा नये. बोल्ट आणि चेंबरमधली जागा वाढली की काडतुसाचं बूड मागे येतं, पितळ ताणलं जातं आणि पुंगळी मध्येच फाटते. बूड बाहेर येतं, पुढचा तुकडा चेंबरमध्ये राहतो. पुढची गोळी त्याच्यावर जाऊन अडते आणि पोरगं ती जोर लावून कोंबत बसतं. त्या बावीसमध्ये दोन नापास निघाल्या, त्याही स्वतःच्याच बोल्टवर. म्हणजे पाऊस आला नसता तर त्या तशाच फायरिंगला गेल्या असत्या.

नोव्हेंबरात हवा कोरडी झाली आणि पावसात फुगलेलं लाकूड आटलं. बट हलायला लागले. इथे या रायफलीतला माझ्या मते सगळ्यात वाईट दोष. बट धरून ठेवणारा लांब बोल्ट (हा वेगळा, स्क्रूसारखा) बटाच्या आतून जातो, मागची पट्टी उघडली की लांब स्क्रू ड्रायव्हरनं तो सहज फिरवता येतो. पण त्याचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पत्र्यात अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न काढता बोल्ट फिरवला की चौकोनी टोक पत्र्यासकट फिरतं आणि लाकूड मागून तडकतं. आवाज येतो, शेंग फुटावी तसा. गार्डवरच्या एका भल्या माणसानं मला त्रास नको म्हणून तीन बट स्वतःच आवळले. तिन्ही लाकडं गेली. त्याला बोलायचं तरी काय? पाहणाऱ्याला तो साधा स्क्रूच दिसतो. ज्यानं हे डिझाइन केलं त्यानं पलटणीत आर्मोरर असणार हे गृहीत धरलं होतं. गार्डवर रात्री दोन वाजता तो नसतो.

लाकडाला कच्चं जवसाचं तेल, तळहातानं चोळून, पावसाळ्याआधी दोनदा. वॉर्निश लावू नये. आधीच्या कोणीतरी लावलेलं, ते खरवडण्यात माझा एक महिना गेला.

मॅगझिनबद्दल तक्रार अशी नाही. दहा गोळ्या, पाच-पाचच्या क्लिपनं. काडतुसाला बुडाशी कडा असते, वरच्याची कडा खालच्याच्या पुढे पडली पाहिजे. मागे पडली की दोन्ही एकमेकींत अडकतात. शिकवलं की पोरांना येतं.

कोतमध्ये विलायती घराण्याची बाकी मंडळीही होती. कार्बाइन, म्हणजे स्टर्लिंगची कानपुरी बहीण, सांभाळायला सगळ्यात सोपी. तिच्या बोल्टवरच्या तिरप्या धारा धूळ स्वतःच बाहेर ढकलतात. एस.एल.आर., म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, चांगली, पण गॅस प्लग (नळीतला वायू यंत्रणेकडे सोडणारं बूच) उलटा बसवला की दर गोळीला हातानं कॉक करावी लागते आणि शिपाई सांगत येतो, “साहेब, रायफल खराब आहे.” दहातल्या आठ तक्रारी या प्लगच्याच.

२००८ च्या नोव्हेंबरनंतर थ्री नॉट थ्रीला खूप शिव्या पडल्या. सीएसटीवर पोलिसांच्या हातात हीच होती. स्वयंचलित रायफलीसमोर बोल्ट ओढायची रायफल देणं चूकच, त्यात दुमत नाही. पण ती चूक देणाऱ्याची. नऊ महिन्यांत, गेजवर पास झालेली आणि उकळत्या पाण्यानं धुतलेली एकही रायफल माझ्या समोर चालायची राहिली नाही. १९१७ ची तर नाहीच.

फेब्रुवारीत बदलीचा आदेश आला. नव्या आर्मोररला चार्ज देताना सगळे नंबर त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतले, रायफल आणि बोल्ट, एकामागून एक. पोरगा तरतरीत होता. शेवटी त्यानं भिंतीवरचा लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि विचारलं, “सर, हा बटाचा ना?” मी तो त्याच्या हातून काढून घेतला, एक रायफल टेबलावर आडवी ठेवली आणि म्हटलं, “आधी पुढचं लाकूड काढ.”