‘द ग्रफलो’: अनेक महिने मोठ्यानं वाचल्यानंतर

चित्रपुस्तकांचा कंटाळा पंधरवड्यात येतो. लेकीला नाही आला तर मला येतो. ज्युलिया डोनाल्डसन यांचं ‘द ग्रफलो’ मात्र अनेक महिने रोज रात्री वाचूनही टिकलंय. पुस्तक १९९९ चं, चित्रं अ‍ॅक्सेल शेफलर यांची. जंगलातून निघालेल्या उंदराला कोल्हा, घुबड आणि साप एकामागून एक जेवायला बोलावतात. आमंत्रणामागचा डाव ओळखून उंदीर दर वेळी ग्रफलो नावाच्या अक्राळविक्राळ प्राण्याची थाप मारतो आणि सुटतो. मग थापेतला तो प्राणी खरोखरच समोर उभा राहतो.

आधी यमकांबद्दल. मुलांच्या पुष्कळ पुस्तकांत यमक कागदावर जुळतं आणि वाचताना जीभ अडखळते. इथं अर्ध्या झोपेत वाचलं तरी ठेका चुकत नाही. ओळीतला शेवटचा शब्द मी गाळला की लेक तो भरते. इंग्रजी तिला अजून धड येत नाही, पण नादावरून शब्द बरोबर हाती लागतो. मूळ कल्पना वाघाच्या दराऱ्यावर मिरवणाऱ्या कोल्ह्याच्या चिनी लोककथेची. ‘टायगर’ला यमक जुळेना म्हणून लेखिकेनं नवाच प्राणी घडवला. ती अडचण आली हे आपलं नशीबच म्हणायचं!

पण पुस्तक जुनं का होत नाही, याचं कारण मला उशिरा दिसलं. पूर्वार्धात उंदीर थापा मारतोय हे कोल्ह्याला माहीत नसतं, पण ऐकणाऱ्या मुलाला माहीत असतं. उत्तरार्धात डाव उलटतो. उंदीर ग्रफलोला सांगतो, ‘सगळं जंगल मला घाबरतं, चल दाखवतो.’ साप पळतो, घुबड उडतं, कोल्हा धूम ठोकतो, ते मागून चालणाऱ्या ग्रफलोला बघून. ग्रफलोला वाटतं, उंदराला बघून. सुरुवातीला माझ्या लेकीलाही तसंच वाटायचं. तिच्या मते उंदीर फार शूर होता. मीही मुद्दाम काही समजावलं नाही. पुढं एकदा वाचता वाचता तिनं माझा हात बाजूला केला, ग्रफलोवर बोट ठेवलं आणि ‘अगं आई, हा मागे आहे ना!’ म्हणत हसत सुटली. समोरच्याचा समज चुकीचा असू शकतो, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगू लागतं. ते उमगलं की हेच पुस्तक त्यांच्यासाठी नवं होतं.

उंदीर खोटं बोलतो, मुलांनी यातून काय घ्यायचं, अशी तक्रार काही पालक करतात. मला ती पटत नाही. खायला टपलेल्या कोल्ह्याशी खरं बोलावं, अशी माझी तरी अपेक्षा नाही.

ग्रफलोचे सुळे, नखं, नाकाच्या शेंड्यावरची विषारी चामखीळ आणि पाठीवरचे जांभळे काटे आधी तुकड्यातुकड्यांनी कळतात, पूर्ण ध्यान नंतर दिसतं. शेफलर यांची सुरुवातीची रेखाटनं फारच भीतिदायक ठरल्यानं त्यांना ती मवाळ करावी लागली होती. आताचा ग्रफलो भीतीदायक कमी आणि बावळट जास्त दिसतो. तरी भित्र्या मुलांसमोर ते पान सावकाश उलटा.

उणिवा? उत्तरार्धात तेच प्राणी उलट्या क्रमानं भेटतात, त्यामुळे मोठ्यांना तो भाग जरा लांबल्यासारखा वाटतो. माझा आवाज तर घुबडापाशीच बसतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना मजकूर जास्त होतो. ती चित्रं बघतात आणि पान पुढं ढकलतात. साध्या बांधणीची प्रत आमच्याकडे लवकरच चिकटपट्टीवर आली, म्हणून लहानांसाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांची आवृत्तीच घ्या.

२००९ चा अर्ध्या तासाचा अ‍ॅनिमेशनपट छान आहे, पण पुस्तक पाठ झाल्यावर दाखवा. २००४ चा पुढचा भाग, ‘द ग्रफलोज चाइल्ड’, आम्ही आणला. चित्रं तितकीच सुरेख आहेत, पण लेक तो क्वचितच मागते.