डिहायड्रेटर घेताना ट्रे मोजत बसू नका, पंखा कुठंय ते बघा : ११ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्याकडे अमळनेरला मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, गच्चीवर टाकलेल्या कुरडया दोन दिवसात खडखडीत वाळतात, त्यामुळे मी घरात डिहायड्रेटर, म्हणजे गरम हवेने भाज्या-फळं वाळवायचं विजेचं मशीन, आणला तेव्हा सासूबाईंनी सरळ विचारलं, "उन्हायामा गच्चीवर फुकट वायस, मंग हाई मशीन कसाले?" (उन्हाळ्यात गच्चीवर फुकट वाळतं, मग हे मशीन कशाला?) आणि कुरडया, बिबडे (ज्वारीचे मोठे पापड), उडदाचे पापड यांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं आजही बरोबरच आहे, ते मशीनमध्ये करायच्या भानगडीत पडू नका, बिबडा ट्रेवर मावत पण नाही.

माझी गरज वेगळी होती. मेथी आणि टोमॅटो स्वस्त होतात थंडीत, तेव्हा उन्हाला जोर नसतो. केळी तर बारमाही, मावशी रावेर तालुक्यात दिलेली आहे, व्यापाऱ्याने बाजूला काढलेल्या फण्या आमच्याकडे पोत्याने येतात आणि चार दिवसात काळ्या पडतात. शिवाय धूळ. नंदुरबारकडच्या मिरचीच्या पथाऱ्या ज्यांनी बघितल्यात त्यांना माहितीये, उघड्यावर वाळवण म्हणजे वारा आणि अवकाळीच्या हवाली केलेला माल.

पहिलं मशीन ऑनलाइन घेतलं होतं, ३,२०० ला. गोल, प्लास्टिकचे ट्रे एकावर एक, पंखा आणि हीटर तळाला. नाव घेत नाही. दिसायला छान, पण टोमॅटो कापून ठेवला की रस गळतो हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि तो रस थेंब थेंब करत थेट खाली मोटरवर. केळीचा चिकटा वेगळाच. सातव्या महिन्यात पंखा घरघरायला लागला, मग एका रात्री अडकलाच, हीटर मात्र चालू, जळका वास आला म्हणून मी उठले तोवर आतला थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) उडाला होता, तेवढ्यावर निभावलं. ट्रेच्या कडा तर त्याआधीच तडकल्या होत्या, रोज गरम-थंड होऊन प्लास्टिक ठिसूळ होतं. कस्टमर केअरला पंखा मागितला तर उत्तर आलं, पार्ट सुटा मिळत नाही. संपलं. भंगारवाल्याला दिलं, जीव जळला अगदी.

दुसरं घेताना मग घाई केली नाही. आता जे वापरतेय ते चौकोनी, छोट्या कपाटासारखं, पंखा मागच्या भिंतीला, हवा आडवी फिरते, सहा स्टीलच्या ट्रे, ९,५०० ला पडलं. रस गळला तर तळाच्या ताटात पडतो, पुसून घेतलं की झालं. दुकानदाराला मी पाठीमागचे चार स्क्रू उघडून दाखवायला लावले, तो जरा वैतागला पण दाखवलं त्याने, आत नेहमीच्या चौकोनी मापाचा पंखा आहे जो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कुठेही मिळतो. वॉरंटी कार्डापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटलं.

स्टीलबद्दल एक. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ ग्रेडच (सहजी न गंजणारं स्टील) आहे असं नाही, हलक्या २०२ ला पण चिकटत नाही, तेव्हा ग्रेड बिलावर लिहून घ्या. आणि चकचकीत तारेच्या जाळ्या बऱ्याचदा नुसत्या क्रोम चढवलेल्या असतात. माझ्या बहिणीच्या मशीनच्या तशाच होत्या, मीठ लावलेले टोमॅटो ठेवले, दोन महिन्यात जोडाजोडाला गंज.

दुसरं म्हणजे बटण. डिजिटल दिसायला भारी, पण आमच्याकडे रात्री लाइट जाते, आणि बहिणीचं मशीन लाइट परत आली तरी बंदच राहतं, सकाळी बघावं तर ट्रेमध्ये आंबलेला वास. माझं साधं फिरवायचं बटण आहे, लाइट आली की जिथं होतं तिथून पुढे सुरू. डिजिटलच घ्यायचं असेल तर दुकानातच चालू मशीनचा प्लग काढून परत लावून बघा.

बटणावरचे आकडे मात्र खरे मानू नका. मी आत थर्मामीटर ठेवला, बटण ५५ अंशांवर, तर पंख्याजवळ ६२ आणि दाराकडे ५१. म्हणून दर दोन-तीन तासांनी ट्रे पुढचा मागे करते.

केळीचं शिकायला वेळ लागला. सुरुवातीला लवकर व्हावं म्हणून ७० वर लावायचे, वरून कडक झाली, मी खुशीत बरणी भरली, आठ दिवसात बुरशी, कारण वरचं कवच आधी घट्ट झालं आणि आतलं पाणी आतच कोंडलं. आता अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या, लिंबाच्या पाण्यात बुडवून, ५७ च्या आसपास, दहा-बारा तास. सोललेली किलोभर केळी वाळून पाव किलोच्या थोडी वर भरतात. गार झाल्यावर लगेच डब्यात दाबून भरत नाही, काचेच्या बरणीत सैल ठेवून आठवडाभर रोज हलवते, काचेला आतून बाष्प दिसलं की परत मशीनमध्ये.

मेथी ४५ वर चार-पाच तासात कुरकुरीत, रंग हिरवागार राहतो, उन्हात तो पिवळा पडतो. फक्त वाळलेलं पान इतकं हलकं होतं की उडून पंख्याकडे जातं, वरून एक जाळी पालथी ठेवा. दोन किलो टोमॅटोचे जेमतेम दीडशे ग्रॅम होतात, बघून वाईट वाटतं, पण पावसाळ्यात टोमॅटो महागला की शेवभाजीच्या रश्श्यात त्यांचीच पूड करून टाकते. मिरची वाळवायची तर मशीन मागच्या ओसरीवर न्या, मी एकदा स्वयंपाकघरात लावली आणि सगळं घर खोकत बाहेर.

बिलाचं म्हणाल तर ६०० वॅटचं आहे, दहा तासांना जास्तीत जास्त ६ युनिट, पण हीटर मधेमधे बंद होतो, मी मीटर लावून बघितलं तर पावणेचार-चार भरतात. आवाज कूलरपेक्षा कमी. तक्रार एकच, दाराची चिटकणी सैल झाली, फटीतून गरम हवा जायची, गल्लीतल्या मिस्त्रीने ४० रुपयात दुसरी बसवून दिली. पंखा अजून मूळचाच आहे, महिन्यातून एकदा मागचं झाकण उघडून कोरड्या ब्रशने साफ करते. आणि परवा सासूबाईंनीच कढीपत्त्याची जुडी आणून दिली, मशीनमध्ये टाक म्हणाल्या.