बेकारी विमा: संघटनेचा की सरकारचा?

कामगार संघटना कशामुळे टिकतात हे तपासणारे अर्थतज्ज्ञ स्वीडन आणि नॉर्वे हमखास शेजारी ठेवून पाहतात. स्वीडनमध्ये बेकारी विमा ऐच्छिक, त्याचे निधी बहुतेक संघटनांशी जोडलेले. नॉर्वेने तो 1938 मध्ये सक्तीचा, सरकारी केला. आज नॉर्वेत साधारण निम्मे कामगार संघटित, स्वीडनमध्ये दोन तृतीयांशांच्या आसपास. फरकाचं सगळं श्रेय विम्याला देता येणार नाही, पण 2007 पाहा: स्वीडिश सरकारने निधीची वर्गणी वाढवली, लाखो लोक बाहेर पडले, संघटनांचीही गळती झाली. वर्षभरात जागतिक मंदी आली! नॉर्वेत वर्गणी थकली म्हणून कुणाचा भत्ता जात नाही. निव्वळ संरक्षण बघायचं तर मला तीच पद्धत उजवी वाटते. तिथल्या संघटनांना मात्र बेकारी विम्याऐवजी पगाराच्या वाटाघाटींसारख्या इतर कामांवर सभासद जोडावे लागतात.