घटस्फोट होतोय, फ्लॅट भाड्याने दिलाय, कर्ज चालू आहे: विकायचा, एकाने घ्यायचा की दोघांच्या नावावर ठेवायचा?

नवरा-बायको वेगळे झाले तरी बँकेच्या लेखी दोघेही सहकर्जदारच राहतात. 'हप्ते तो भरेल' असं घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात लिहिलेलं असलं, तरी हप्ता थकला की बँक दोघांपैकी कोणाकडेही पूर्ण रक्कम मागू शकते आणि सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) दोघांचाही घसरतो. पर्याय निवडताना हे आधी लक्षात घ्या.

आकडे धरून बोलू. समजा पुण्यातला ८० लाखांचा फ्लॅट आहे, हिस्सा निम्मा-निम्मा, कर्ज ४२ लाख बाकी, भाडं २२ हजार. कर्ज वजा जाता उरतात ३८ लाख, प्रत्येकी १९.

विकलात तर आलेल्या पैशातून आधी कर्ज फिटतं आणि दोघंही एकदम मोकळे होतात. कर्ज तरत्या (फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या) व्याजदराचं असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लागत नाही. फ्लॅट २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफ्यावर दीर्घकालीन भांडवली कर लागतो, तोही ज्याच्या-त्याच्या हिश्श्यापुरता. अडचण दोनच: सही दोघांची लागते आणि बहुतेक गिऱ्हाइकांना रिकामा ताबा हवा असतो. म्हणून भाडेकराराची मुदत कधी संपते ते बघूनच फ्लॅट बाजारात काढा.

एकाने ठेवायचा म्हटलं तर गणित कडक आहे. जुने ४२ आणि दुसऱ्याला द्यायचे १९, असे ६१ लाख उभे करायचे. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी सगळं कर्जच काढलं तर हप्ता जवळपास ५३ हजार, आणि भाडं २२. एकाच्या पगारावर बँक एवढं कर्ज देईल का, हे आधी लेखी विचारून घ्या.

या पर्यायात कागद कधी करता यालाही मोल आहे. हुकूमनामा होण्याआधी पती-पत्नीने राहत्या स्वरूपाच्या घराचं बक्षीसपत्र केलं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. घटस्फोटानंतर ते नातं उरत नाही. मग हक्कसोड पत्राला हिश्श्याच्या बाजारभावावर विक्रीखताच्या दराने शुल्क. ४० लाखांवर पुण्यात ७ टक्के म्हणजे २ लाख ८० हजार! मात्र १९ लाख देऊन घेतलेला हिस्सा बक्षीस ठरत नाही, त्यामुळे हा मार्ग खरोखर विनामोबदला देणाऱ्यांसाठीच. आणि गहाण मालमत्ता असल्याने बँकेची लेखी संमती आधी हवी.

इथे सगळ्यात मोठा धोका सोडणाऱ्याला असतो. हक्कसोड पत्र नोंदवलं जातं, पण कर्जातलं नाव तसंच राहतं. घर गेलं, कर्ज राहिलं. कर्जातून नाव कमी केल्याचं बँकेचं पत्र हातात येत नाही तोवर सही करू नका, समोरचा माणूस कितीही भला असला तरी.

दोघांच्या नावावर ठेवणं वरवर सोपं वाटतं. पण ४२ लाखांचा हप्ता साधारण साडेछत्तीस हजार आणि भाडं २२, म्हणजे दरमहा साडेचौदा हजारांची तूट. ती कोण भरणार? भाडं कोणाच्या खात्यात जाणार? लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे भाडेकरार) नोंदवणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुम्हा दोघांची. जिच्याशी किंवा ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्या व्यक्तीची सही भाडेकरू बदलला की पुन्हा मागायची. विक्रीची तारीख लेखी ठरली असेल तरच हा पर्याय मला मान्य आहे.

'हप्ते मीच भरले' हा वाद असेल तर बँकेची स्टेटमेंट्स काढा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, एकत्र विकत घेतलेल्या मालमत्तेत वेगळा करार नसेल तर ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा, आणि पुरावा नसेल तर हिस्से समान धरतात. नुसत्या लग्नामुळे महाराष्ट्रात निम्मा हक्क मिळत नाही. गोव्यात मात्र लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर संपत्ती दोघांची सामाईक धरली जाते.

कोर्ट शेवटी. कौटुंबिक न्यायालय हा वाद ऐकू शकतं, पण फ्लॅटचे दोन तुकडे पडत नाहीत. वाटप शक्य नसेल तर विक्रीचाच आदेश होऊ शकतो. तोवर हप्ते चालूच.

माझं मत: एकाच पगारात ५३ हजार झेपत असतील तर घ्या, नाहीतर विका. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात, तिच्यामुळे उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. ते कागद कोणाच्या हातात द्यायचे, हे दोघांच्या सहीने बँकेला आधीच कळवा.