तळ्याच्या काठाचं काम: आधी माती, मग रोपं

पावसाळ्याआधी आम्ही मुंबईतल्या मनोरीच्या घरामागच्या तळ्याचे काठ नव्याने बांधून घेतले, झाडं लावता यावीत म्हणून. ज्यांना दर विचारले त्यातल्या बहुतेकांनी थेट रोपांची यादी आणि लॉनचा भाव काढला. एका ठेकेदाराने मात्र आधी फावडं मागितलं. काठाला फूटभर खड्डा घेऊन वरची रेताड माती आणि खालचा चिकट थर दाखवला नि म्हणाला, "ताई, एवढ्या उभ्या काठावर काहीही लावा, पहिल्या मोठ्या पावसात पाण्यात जाईल." काम त्यालाच दिलं.

मनोरीला माल आणायचा तर टेम्पो भाईंदर-उत्तनचा वळसा घेतो, फेरीबोटीतून माती कोण आणणार? त्यामुळे बाहेरून भराव न मागवता त्याने जागेवरचीच माती फिरवली, हे मला सगळ्यात आवडलं. वरची काळपट माती बाजूला रचून ताडपत्रीखाली झाकली. मग काठ कापून एक फूट उंचीला तीन फूट लांबी असा उतार दिला. कापलेली माती आणि तळ्यातला सुकवलेला गाळ खाली भरला आणि जपलेली माती पुन्हा सगळ्यांच्या वर पसरली. हा क्रम उलटा झाला तर रोपं खालच्या निकस मातीत उपाशी बसतात.

पाण्याखाली साधारण वीतभर खोलीवर त्याने एक अरुंद कट्टा सोडला. तिथे वेखंड आणि ब्राह्मी आहे, मधे मधे मोकळी जागा ठेवून. झाडी दाट झाली की डासांच्या अळ्या तिच्यात लपतात आणि गप्पी माशांना आत शिरता येत नाही. उतारावर काथ्याची जाळी बांबूच्या खुंट्यांनी ठोकून तिच्यातून वाळ्याच्या आडव्या ओळी लावल्या. वाळ्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, ढासळत्या काठाला ती हवीतच. शेणखत फक्त वरच्या वाफ्यात घातलं. पाण्यात उतरलं की शेवाळ माजतं, म्हणून कडेला मुठभरही टाकू दिलं नाही.

घराच्या बाजूला बुटका बांध आणि चर काढून पागोळ्यांचं पाणी वळवलं. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने काठाची पातळी चारही बाजूंनी तपासली आणि एकच कोपरा मुद्दाम खाली ठेवून तिथे दगड रचले. जादा पाणी तिथून केळींकडे जातं. मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर जुलैच्या पावसाची सरासरीच ८०० मिमीच्या वर आहे, पाण्याला वाट दिली नाही तर ते स्वतः काठ फोडून वाट काढतं. यंदाच्या जुलैत आमचा काठ कुठेही खचला नाही. जाळीचा एक कोपरा उखडला होता, तो त्याने फोन केल्यावर येऊन ठोकून दिला.

तक्रारीही सांगते. उरलेली माती त्याच्या माणसांनी आंब्याच्या बुंध्याशी ढिगाने रचली. बुंधा असा मातीत गाडला की साल कुजते आणि मुळांना हवा मिळत नाही. मी उभी राहून ती काढून घेतली. शिवाय त्याने पाणकणीस आणलं होतं; छोट्या तळ्यात ते मुळांनी पसरून पाणी गिळून टाकतं, ते मी परत पाठवलं. आणि टेम्पोचं भाडं अंदाजपत्रकात नव्हतं, बिलात आलं. एकूण ३८,००० रुपये झाले. मातीकामासाठी हे मला रास्त वाटले, रोपं मात्र त्याच्याकडून घेऊ नका, स्वतः निवडून आणा.

करून घेणार असाल तर मार्चमध्येच बोलावा. तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं, गाळ सुकायला ऊन मिळतं. भाडं कोण देणार आणि झाडांच्या बुंध्याभोवती किती जागा मोकळी ठेवायची, हे आधी कागदावर लिहून घ्या.